किल्ल्यावरून दिसणारं बंदर

रत्नदुर्गावर येणारे पर्यटक एक फोटो हमखास काढतात. भगवतीचं दर्शन झालं, बुरुजावर वारा खाऊन झाला की तटाच्या कडेला उभं राहायचं आणि मोबाइल खालच्या बाजूला धरायचा. खाली निळं पाणी, दाटीने लागलेल्या नौका, त्यांच्यावर फडफडणारे रंगीबेरंगी झेंडे. वरून फार सुरेख दिसतं. तो मिरकरवाडा. माझे वडील तिथे तांडेल होते, भाऊ अजून नौकेवर जातो, मी मात्र शाळेत मास्तर झालो आणि निवृत्तही झालो. फोटो काढून झाला की मंडळी गाडीत बसतात आणि गणपतीपुळ्याचा रस्ता धरतात. खाली कुणी येत नाही.

याचं मला साठ वर्षांत काही वाटलं नव्हतं. एप्रिल २०२५ मध्ये व्हिएतनाममधल्या दा नांग शहरात एका उंच जागेवर उभं राहून मी स्वतः तसाच फोटो काढला, आणि तेव्हा वाटलं. म्हणून हे लिहायला बसलोय.

जायचं ठरलं ते मुलामुळे. तो दुबईत असतो. आधी पैसे भरून मोकळा झाला आणि मग फोन केला. "अब्बा, फार चालायचं नाही, रोज सामान बांधायचं नाही, सकाळी आरामात उठायचं, अशी सहल आहे." जाहिरातीत तिला 'निवांत' म्हटलं होतं. अकरा रात्री आणि मुक्काम फक्त पाच. दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचं. सायगॉन, दा नांग, हुए, हनोई आणि शेवटी हा लाँगची खाडी. सोबत मराठी टूर मॅनेजर, प्रत्येक शहरात तिथला गाइड. ईद होऊन आठवडा झाल्यावर निघायचं होतं. मोहल्ल्यात बातमी फुटली तेव्हा शेजारच्या खालाने बायकोला विचारलं, "एवढ्या पैशात उमरा झाला असता. त्या व्हिएतनामला आहे काय?" बायको म्हणाली, "बघून येते, मग सांगते."

आता व्हिएतनामला जाणं ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. २०२२ पासून मुंबईहून थेट विमान जातं, व्हिसा घरबसल्या मिळतो. २०१९ मध्ये तिकडे पावणेदोन लाखांच्या आत भारतीय गेले होते, २०२४ मध्ये तो आकडा पाच लाखांच्या घरात गेला. त्यात मराठी माणसांचे गट किती, हे होई आनच्या गल्लीत उभं राहिलं की कळतं. "अहो, इकडे या, दिवे लागलेत" ही हाक मी तिथे आमच्या गटाबाहेरच्या माणसांकडूनही ऐकली.

गटाने फिरणाऱ्यांची टिंगल करायची एक फॅशन आहे. पाठीवर बॅग टाकून एकटे हिंडणारे तरुण म्हणतात की झेंड्यामागे चालणाऱ्या मेंढरांना देश काय कळणार. मला हे पटत नाही. आमच्या गटात अठ्ठावीस जण होते आणि बहुतेकांनी साठी ओलांडलेली. सांगलीच्या एक बाई होत्या, नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या. एका निवृत्त पोस्टमास्तरांना एका कानाने ऐकू येत नव्हतं. ही माणसं एकटी सायगॉनच्या रस्त्यावर उतरणार होती का? तिथला रस्ता ओलांडणं हीच एक परीक्षा. स्कूटरींचा लोंढा थांबत नाही. आपण न थांबता, न पळता, एका चालीने चालत राहायचं, लोंढा आपल्याला वळसा घालून जातो. गाइडने आम्हाला हात धरून शिकवलं. गाइड असण्यात कमीपणा नाही. माझं म्हणणं गाइड काय दाखवतो आणि आपण त्याला काय विचारतो, याबद्दल आहे.

गटात मुसलमान आम्ही दोघंच. हे सांगायची गरज नाही, पण न सांगितलं तर पुढचं कळणार नाही. पहिल्याच जेवणाला टूर मॅनेजरने सूचना दिली की 'फो' नावाचं जे सूप रस्तोरस्ती मिळतं ते बहुधा बीफचं असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. टेबलावर एक गृहस्थ हसून मला म्हणाले, "चला, तुमची तर मजा आहे इथे." त्यांच्या बोलण्यात विखार नव्हता. मी म्हटलं, "कसली मजा? जनावर हलाल केलेलं नाही, म्हणजे मला ते चालत नाही. वरून निम्म्या पदार्थांत डुकराचं मांस. माझी पंचाईत तुमच्याइतकीच आहे." ते खरोखर चकित झाले. सत्तर वर्षांच्या माणसाला, जन्मभर आमच्यासारख्यांच्या शेजारी राहून, ही गोष्ट ठाऊक नव्हती. मला तरी त्यांच्या चातुर्मासाबद्दल किती माहीत होतं? त्यानंतर आमचं टेबल ठरून गेलं. साताऱ्याच्या शाकाहारी काकू, त्यांचे यजमान आणि आम्ही दोघं. दोन्ही बाजूंनी भात, उकडलेल्या भाज्या, काकूंचे खाकरे आणि माझ्या बायकोने बांधून आणलेली कैरीची चटणी. मला वरून मासळी होती, तेवढाच फरक.

शाकाहाराची एक गंमत सांगितली पाहिजे. व्हिएतनामच्या स्वयंपाकात मीठ पडतं त्याहून जास्त 'नुक माम' पडतो. बारीक मासळी मिठात घालून पिंपांत वर्ष-वर्ष मुरवायची आणि तिचा जो अर्क गळतो तो म्हणजे नुक माम. चौथ्या दिवशी काकूंना एक भाजी फार आवडली. "काय चव आहे हो, कशाची असेल?" मला वासावरून पहिल्या घासातच कळलं होतं. मिरकरवाड्याच्या पोराला ते कळणारच. मी बायकोकडे बघितलं, बायकोने ताटाकडे. पण गप्प राहणं बरोबर नव्हतं, म्हणून हळूच सांगितलं. काकूंनी वाटी बाजूला सारली, थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "चार दिवस खातेय म्हणजे. पुढे गाइडला आधी विचारून घ्या हं, तुम्हाला वास कळतो." त्या दिवसापासून त्यांचं ताट तपासायचं काम माझ्याकडे आलं.

सायगॉनमध्ये आम्ही पोचलो तेव्हा ३० एप्रिलची तयारी चालली होती. १९७५ मध्ये त्या तारखेला युद्ध संपलं, त्याला पन्नास वर्षं होत होती. शहरभर लाल पताका. आम्ही युद्धाचं संग्रहालय पाहिलं, कू चीची भुयारं पाहिली. संग्रहालयात एजंट ऑरेंजच्या दालनातून बाहेर आल्यावर बसमध्ये कुणी अंताक्षरी सुरू केली नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. विमानातून झाडांवर विष फवारलं आणि ते माणसांच्या पुढच्या पिढ्यांत उतरलं. त्या मुलांचे फोटो पाहिल्यावर कुणाला बोलायचं सुचत नाही.

कू चीला मात्र जे अपेक्षित होतं ते झालं. गटातल्या एकाने गाइडला विचारलं, "हे गनिमी काव्याचं तंत्र तुम्ही शिवाजी महाराजांकडून घेतलं ना? त्यांचा पुतळा कुठे आहे?" हा निरोप मोबाइलवर तुम्हीही वाचला असेल. व्हिएतनामचे कुणी राष्ट्रपती महाराजांचं चरित्र वाचून लढले, समाधीवर तसं कोरून ठेवलं, वगैरे. आधार विचारला की कुणी देत नाही. गाइड तिशीचा पोरगा, त्याने हे नाव पहिल्यांदाच ऐकत होता, पण गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून तो "येस येस" म्हणाला. आणि आता त्या 'येस येस'चा व्हिडिओ महाराष्ट्रात फिरत असेल. मला वाईट वाटलं. महाराजांच्या थोरवीला असल्या प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्या खेडुतांनी स्वतःच्या हातांनी दोनशे किलोमीटरहून जास्त भुयारं खणली, त्यांच्या अंगणात उभं राहून आपण त्यांना सांगतो की हे तुम्ही आमच्याकडून शिकलात! पाहुण्याने असं वागू नये. प्रश्न विचारायला मिळतो तो दोन-तीन वेळा; त्यातला एक आपण आपलीच आरती करण्यात घालवला.

'निवांत' या शब्दाबद्दल माझी खरी तक्रार इथे सुरू होते. जाहिरातीतला निवांतपणा म्हणजे मऊ गादी, उशिरा नाश्ता, बसपाशीच उतरायची सोय. ते सगळं होतं आणि माझ्या गुडघ्यांनी त्याबद्दल दुवा दिली. पण कार्यक्रमात जिथे 'दुपारनंतर मोकळा वेळ' लिहिलं होतं तिथे आमचा गट अस्वस्थ व्हायचा. पैसे भरलेत आणि काही दाखवत नाहीत, असं वाटायचं. मग टूर मॅनेजर बिचारा त्या मोकळ्या वेळात मॉल, रेशमाचं दुकान, पायांना मालिश असं काहीबाही भरायचा. सहल विकणाऱ्याने दिलेली सगळ्यांत मोलाची वस्तू आम्ही परत करत होतो. अकरा दिवसांतलं जे माझ्या लक्षात राहिलंय, ते जवळजवळ सगळं त्या रिकाम्या दुपारी-सकाळींतलं आहे.

सायगॉनला आमच्या हॉटेलपासून चालत दोंग दू रस्त्यावर एक मशीद आहे. उंच काचेच्या इमारतींच्या मधोमध पांढरी-निळी, बुटकी, शांत. १९३५ मध्ये दक्षिण भारतातून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी बांधलेली. नमाज पढून पायरीवर बसलो तर शेजारी एक मलेशियाचा, एक चाम मुसलमान. चाम म्हणजे व्हिएतनामच्या मधल्या आणि दक्षिणेकडच्या भागातली जुनी जमात. त्यांच्या पूर्वजांनी मी सोनची शिवमंदिरं बांधली, पुढे त्यांच्यातले बरेच मुसलमान झाले, काही हिंदूच राहिले. त्याच शहरात तमिळ हिंदूंनी बांधलेलं मरिअम्मनचं देऊळ आहे आणि आज तिथे उदबत्ती लावायला येणारे बहुतेक व्हिएतनामी असतात. दुसऱ्या दिवशी काकू आणि यजमान देवळाला निघाले तेव्हा आम्हीही गेलो, आणि परतताना ते आमच्याबरोबर मशिदीच्या आसपास हलाल जेवण मिळतं तिथे चहाला आले. कार्यक्रमपत्रिकेत यातलं काही नव्हतं.

हुएमधली दुपार मला त्याहून जवळची. हुए ही न्गुयेन राजांची राजधानी, १८०२ ते १९४५. गाइडने आम्हाला राजवाडा दाखवला आणि खाय दिन्ह या राजाची भव्य समाधी दाखवली, काचा-चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवलेली. तिथे सगळ्यांनी फोटो काढले. मी गाइडला विचारलं, "याच्या आधीच्या राजाची समाधी कुठे आहे?" तो दचकला, कारण हा प्रश्न पर्यटक विचारत नाहीत. खाय दिन्ह १९१६ मध्ये गादीवर आला, कारण त्याच्या आधीचा राजा दुई तान हा पोरसवदा राजा फ्रेंचांविरुद्ध उठला होता. उठाव फसला. फ्रेंचांनी त्याला आणि आधीच पदच्युत केलेल्या त्याच्या बापाला, थान थाय याला, हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेऊन टाकलं.

रत्नागिरीच्या माणसाला हे ऐकून काय आठवणार? आमच्या गावात १८८६ पासून ब्रह्मदेशचा राजा थिबा होता. इंग्रजांनी राज्य घेतलं आणि त्याला आणून आमच्या किनाऱ्यावर ठेवलं. १९१० मध्ये त्याच्यासाठी थिबा पॅलेस बांधून झाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. म्हणजे ज्या वर्षी फ्रेंच एका राजाला समुद्रापार नेत होते, त्याच वर्षी इंग्रजांचा कैदी आमच्याकडे डोळे मिटत होता. आणि आमचा बहादुरशाह जफर रंगूनच्या मातीत. राजे उचलून दुसऱ्याच्या किनाऱ्यावर टाकायचे, ही त्या काळची साहेबांची पद्धतच होती.

दुपारी गट बाजारात गेला आणि आम्ही दोघं टॅक्सी करून आन लांगला गेलो. गाइडने कागदावर नाव लिहून दिलं होतं. थान थाय १९४७ मध्ये देशात परत येऊ शकला आणि १९५४ मध्ये सायगॉनला वारला. दुई तान १९४५ मध्ये आफ्रिकेत विमान अपघातात गेला; त्याच्या अस्थी १९८७ मध्ये परत आणल्या. बाप-लेक आता तिथे साध्या थडग्यांत आहेत. आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. बायकोने फातिहा म्हटली नाही, पण पदर डोक्यावर घेतला आणि उभी राहिली. मग म्हणाली, "थिबाच्या कबरीवर आपण कधी गेलो होतो?" गेलो नव्हतो. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष रत्नागिरीत येऊन त्या कबरीवर फुलं वाहून गेले. आमच्या घरापासून ती रिक्षाच्या अंतरावर आहे.

आता दा नांगकडे येतो. प्रवासात ते हुएच्या आधी आलं होतं, पण मला सांगायचं आहे ते तिथलंच. दा नांगच्या सोन चा टेकडीवर लिन्ह उंग नावाचं बुद्धमंदिर आहे. तिथे दयेच्या देवीची ६७ मीटर उंच पांढरी मूर्ती समुद्राकडे तोंड करून उभी आहे. गाइड म्हणाला, ती मच्छीमारांना वादळापासून सांभाळते. कठड्याशी गेलं की खाली उपसागर, निळ्या रंगाच्या लाकडी नौका आणि त्यांच्या मधे बांबूच्या गोल टोपलीहोड्या. सगळा गट कठड्याला चिकटला. मीही मोबाइल काढला. फोटो काढला, बघितला आणि मला एकदम रत्नदुर्ग आठवला. वर देवी, खाली नौका, कठड्याशी पर्यटक. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काय सुंदर गाव आहे हो मच्छीमारांचं." हेच गृहस्थ सहलीच्या पहिल्या दिवशी ओळख करून घेताना म्हणाले होते, "मिरकरवाडा का? अरे बापरे, तिथून गाडीच्या काचा वर करून गेलो होतो." तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं.

टोपलीहोडीत तर आम्ही आदल्याच दिवशी बसलो होतो. होई आनजवळ नारळासारख्या पाणताडांचं खाजण आहे, तिथे पर्यटकांना या टोपल्यांतून फिरवतात. गाइड सांगतो की फ्रेंचांनी होड्यांवर कर लावला तेव्हा लोकांनी टोपल्या विणल्या आणि म्हणाले, ही होडी नाही, टोपली आहे. खरं-खोटं देव जाणे, पण गोष्ट झकास आहे. खाजणात मोठा कर्णा लावून कोरियन गाणी वाजत होती आणि पन्नाशीचा एक माणूस टोपली भोवऱ्यासारखी गरगर फिरवून दाखवत होता, आम्ही नोटा द्यायचो, तो अजून जोरात फिरवायचा. त्याचे हात मी बघत होतो. वल्ह्याने पडलेले घट्टे माझ्या वडिलांच्या हातांना होते तसेच. मी टूर मॅनेजरमार्फत विचारलं, "मासेमारी करता का?" तो म्हणाला, आधी करायचो, आता हे बरं पडतं. मला त्याची दया आली असं लिहिणं सोपं आहे. पण त्याला दया नको होती, त्याचा हिशेब पक्का होता. समुद्रात रात्र काढून रिकामी टोपली आणण्यापेक्षा दिवसा टोपली फिरवणं परवडतं. मला खटकलं ते एवढंच की त्याच्याकडे आयुष्यभराचं समुद्राचं ज्ञान होतं आणि अठ्ठावीस जणांपैकी कुणालाही त्यातलं काही विचारावंसं वाटलं नाही. मीही एकच प्रश्न विचारला.

त्या रात्री मी टूर मॅनेजरला म्हटलं, उद्या पहाटे मला मच्छी बंदरावर जायचंय. तो म्हणाला, "चाचा, तिथे बघण्यासारखं काही नाही, वास असतो." मी म्हटलं, "वासासाठीच जायचंय." साताऱ्याचे यजमान ऐकत होते, ते म्हणाले मीही येतो.

थो क्वांग हे दा नांगचं मोठं मच्छी बंदर. मध्यरात्रीनंतर नौका लागतात आणि उजाडेपर्यंत व्यवहार उरकतो. आम्ही चारच्या सुमाराला पोचलो. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात ओला सिमेंट, बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज, प्लास्टिकच्या क्रेट, डिझेलचा धूर. गमबूट घातलेल्या बायका उकिडव्या बसून मासळी निवडत होत्या, हात एवढे चपळ की बघणाऱ्याला बोटं दिसत नाहीत. एक बाई दलालाशी भांडत होती. भाषा कळत नव्हती, पण भांडण शब्दन् शब्द कळत होतं: वजनात मारतोस. म्हाकूल होतं, बांगडा होता, मांदेलीच्या भावकीतली बारीक मासळी ढिगांनी होती. एका बाईने मी मासळीचे कल्ले उघडून बघतोय हे पाहिलं आणि हसली. तिला कळलं की हा धंद्यातला. तिने मला बसायला उलटा क्रेट दिला. अकरा दिवसांत व्हिएतनामने मला दिलेली ती एकमेव खुर्ची, जिचे पैसे आधी भरलेले नव्हते.

यजमान शाकाहारी. नाकाला रुमाल लावून उभे होते. थोड्या वेळाने रुमाल खाली आला आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. हे पकडायला किती दिवस जातात? बर्फाचे पैसे कोण देतं? नौका रिकामी आली तर खलाशाला काय मिळतं? मी मिरकरवाड्याचं सांगत गेलो. मालक, तांडेल, खलाशी यांच्यात हिस्सा कसा पडतो; आमच्या नौकांवर नेपाळी पोरं असतात; जून-जुलैत बंदी असते तेव्हा घर कसं चालतं; पर्ससीनवाले आणि छोटे मच्छीमार यांचं भांडण काय आहे आणि त्यात आमच्याच घरातले दोन्ही बाजूंना कसे आहेत. दीड तास ते ऐकत होते. परतताना म्हणाले, "सर, माझी मुलगी रत्नागिरीला दिलीय. सात वर्षं येतोय. हे मला दा नांगला येऊन कळलं."

गाइड जे सांगत नाही त्याची यादी इथे लांबवता येईल. हुएच्या आणि त्याच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर एप्रिल २०१६ मध्ये एका पोलाद कारखान्याच्या विषारी पाण्याने सुमारे दोनशे किलोमीटर मासळी मरून किनाऱ्याला लागली. कंपनीला पन्नास कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. २०१७ पासून युरोपने व्हिएतनामच्या मासळीला बेकायदा मासेमारीबद्दल इशाऱ्याचं पिवळं कार्ड दाखवलेलं आहे. सहलीवर आलेल्या माणसाला हे ऐकून सुट्टी नासवायची नसते, मान्य. पण हा लाँगबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण ती या सहलीची शेवटची आणि सगळ्यांत महाग रात्र असते.

हा लाँगच्या खाडीत पाण्यातून वर आलेले चुनखडीचे हजारो डोंगर आहेत. १९९४ पासून ती जागतिक वारसास्थळ आहे. त्या डोंगरांच्या आडोशाला मच्छीमारांची तरंगती गावं होती. घर पाण्यावर, शाळा पाण्यावर, कुत्रंही पाण्यावर वाढलेलं. २०१४ मध्ये सरकारने तीनशेहून अधिक कुटुंबं तिथून हलवून जमिनीवर वसवली. कारणं दिली ती खोटी नव्हती: घाण पाण्यात जात होती, वादळाचा धोका होता, मुलांचं शिक्षण होत नव्हतं. जमिनीवर पक्कं घर मिळालं, शाळा मिळाली. आणि आता त्यातली काही माणसं रोज सकाळी जमिनीवरून खाडीत कामाला येतात, पर्यटकांना आपल्या जुन्या गावातून होडीने फिरवतात आणि संध्याकाळी परत जातात. आमची होडी एक बाई वल्हवत होती. गाइड म्हणाला, "हे पूर्वीचं मच्छीमारांचं गाव." रिकाम्या तरंगत्या घरांचे सगळ्यांनी फोटो काढले. वरच्या डेकवर चहा आणि संत्री ठेवलेली होती.

जानेवारी २०२५ मध्ये मिरकरवाड्यात बंदराच्या जागेवरची शेकडो अनधिकृत बांधकामं पाडली गेली. शेड, खोल्या, जाळी ठेवायच्या जागा. त्यातलं काय अनधिकृत होतं आणि काय नव्हतं यावर मी इथे वाद घालत नाही. बंदर नीट व्हावं, नौकांना जागा मिळावी, हे मच्छीमारांनाही हवंच आहे आणि सरकारी जागेवर पिढ्यान् पिढ्या पसरत जाणं बरोबर नव्हतं, हे आमच्यातलेही खासगीत कबूल करतात. मला लागलं ते त्या दिवसांत फोनवर फिरणाऱ्या व्हिडिओंखालचे शेरे वाचून. ज्यांनी मिरकरवाडा फक्त किल्ल्यावरून पाहिला होता, ते खात्रीने सांगत होते की खाली कसली माणसं राहतात. त्यांच्या ताटातली सुरमई त्याच जेटीवर उतरली असेल, असं त्यांच्या मनातही आलं नसणार.

आणि त्याच वेळी रत्नागिरीत पर्यटन वाढवायच्या योजना सुरूच असतात. कोकणचा कॅलिफोर्निया हे शब्द मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतोय. कुणी म्हणतं पांढऱ्या समुद्रावर हे करा, कुणी म्हणतं किल्ल्याला रोषणाई करा. करा की. पर्यटक यावेत, रिक्षावाल्याला भाडं मिळावं, मलाही हवंय. पण व्हिएतनाम बघून आल्यावर माझं एक स्वच्छ मत झालंय. देखावा विकायचा आणि देखाव्यातली माणसं बाजूला करायची, ही पद्धत आपण उचलू नये. उचलायचंच असेल तर त्यांच्याकडून दुसरं काही उचलण्यासारखं आहे: थो क्वांगमध्ये पहाटे चार वाजता परक्या माणसाला कुणी हटकलं नाही, बसायला क्रेट दिला. रत्नागिरीच्या सहलीत टिळकांचं जन्मस्थान, थिबा पॅलेस, पतित पावन मंदिर, रत्नदुर्ग असतो. त्यात एक तास जेटी का नको? नौका लागायच्या वेळेला या, लिलाव बघा, एखाद्या तांडेलाला गाइड म्हणून पैसे द्या. वास येईल. त्यासाठी आमच्या लोकांनाही काही करावं लागेल, जेटीवर पाय ठेवायला जागा नसते आणि मासळीचा केर पाण्यात ढकलला जातो, हे मी भावाला वीस वर्षं सांगतोय आणि तो वीस वर्षं "बघू" म्हणतोय.

नोव्हेंबरात साताऱ्याचं जोडपं मुलीकडे आलं होतं. फोन आला, "सर, आम्हाला किल्ल्यावर नको, खाली न्या." संध्याकाळी नेलं. काकूंनी पदर नाकाला लावला होता, साडी वर खोचली होती. भावाची नौका लागली होती, बांगड्याचा लिलाव चालू होता. काकू पाच मिनिटं ऐकत राहिल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तो निळा शर्टवाला आहे ना, तो दोनदा बोली लावून मागे फिरला. मुद्दाम भाव पाडतोय का हो तो?"

भावाने वळून त्यांच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "या बाई कोण रे? यांना रोज आणत जा."